न वाजलेली साबणदाणी

अकरा वर्षं एखाद्या माणसाचं वाईट चिंतायचं म्हणजे खायचं काम नाही. त्यालाही शिस्त लागते. बीपबाईकडे ती होती. सकाळी दुकानाचं शटर वर करायचं, सोल्डरगन तापत ठेवायची, चहाचा पहिला घोट घ्यायचा आणि मासेमारी क्लबच्या सेक्रेटरीला मनातल्या मनात एक शिवी द्यायची. शिवी रोज नवी असावी असा तिचा कटाक्ष होता. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असे, शिवी मात्र चालू असे.

दुकान कसलं, किल्ल्या करणारा आणि चपला शिवणारा यांच्या मधली एक फट. टेबल, स्टूल, भिंतीला खिळ्यांवर अडकवलेल्या वायरी, आणि मागे पडद्याआड राहायच्या दोन खोल्या. तिथे ती आणि तिची सासू. रेडिओ, दारावरच्या घंटा, बॅटरीची खेळणी असं काहीही ती दुरुस्त करी. पण गावाबाहेर मोठा तलाव होता आणि नोकरीतून सुटलेली अर्धी माणसं तिथे गळ टाकून बसत. त्यामुळे तिच्याकडे सगळ्यात जास्त काय येत असेल, तर मासा लागल्याचं सांगणारे अलार्म. त्यावरूनच तिचं नाव बीपबाई पडलं होतं. खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथे ते सुखात होतं.

अलार्म म्हणजे मुठीएवढी डबी. ती काठावर रोवलेल्या खांबावर बसवायची आणि तिच्यावर गळाची काठी टेकवायची. काठीची दोरी डबीतल्या एका छोट्या चाकावरून जाते. माशाने दोरी ओढली की चाक फिरतं. चाकाच्या एका अंगाला दोन लोहचुंबक बसवलेले असतात. चाकाशेजारी, डबीच्या आत, तांदळाएवढी काचेची नळी असते आणि तिच्यात धातूच्या दोन बारीक पट्ट्या. चुंबक जवळून गेला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि डबी बोंबलते. सगळं शास्त्र एवढंच. पण एवढ्याशा शास्त्रात माणसं काय काय घोळ घालतात, हे बीपबाईला विचारावं.

तिचा दंडक असा की अलार्म आधी उघडायचाच नाही. आधी गिऱ्हाईक उघडायचं. "आपोआप वाजतो" असं कोणी म्हटलं की ती विचारी, वारा असताना की नसताना? बॅटरी शेवटची कधी बदलली? मागच्या मोसमातली आतच राहिली होती का? दुपारी वाजतो की पहाटेचं दव असताना? आणि मग म्हणे, "बसून दाखवा. तळ्यावर बसता तसे." एकदा गावातला दंतवैद्य तावातावाने आला होता. त्याचा अलार्म दर मिनिटाला वाजे, मासा मात्र एक नाही. बाईने त्याला स्टुलावर बसवलं, समोर खांब रोवल्यासारखी एक काठी उभी केली आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली.

"तुमचा डावा पाय हलतो," ती म्हणाली.

"त्याचा काय संबंध?"

"खुर्चीचा पाय खांबाला टेकवून बसता. तुम्हीच मासा आहात, डॉक्टर."

दंतवैद्य तेव्हापासून तिचा भक्त झाला.

दुरुस्ती झाली की ती चिठ्ठी लिहून देई. चिठ्ठीला तीन रकाने असत. गिऱ्हाईक काय म्हणतं. खरं काय निघालं. चूक कोणाची. आणि ती चिठ्ठी गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अलार्म हातात मिळत नसे. काहींना ते झोंबे. पण हा शिरस्ता तिचा नव्हता, तिच्या नवऱ्याचा होता, म्हणून ती तो मोडत नव्हती.

नवरा अलार्म नुसते दुरुस्त करत नसे, स्वतः बनवी. डब्या विकत घ्यायला परवडत नसत म्हणून तो प्लॅस्टिकच्या साबणदाण्या वापरी. क्लबात त्यावरून हसत, पण घेत. कारण त्याची साबणदाणी फसत नसे. तो प्रत्येक साबणदाणी आपल्या आईवर तपासून बघे. आईला तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं. ती आतल्या खोलीत पाठ करून बसायची, हा बाहेर चाकावरून दोरी ओढायचा, आणि आई "वाजलं" म्हणाली तरच माल पास. म्हणून त्याने आवाजही जाड ठेवला होता, बारीक किरकिरा नाही. "आईला ऐकू आलं की तळ्यावर झोपलेल्यालाही येईल," तो म्हणे. मग बायकोची लाल नखपॉलिश घेऊन तो दोन ठिकाणी ठिपके देई. एक स्क्रूच्या डोक्यावर, उघडला तर कळावं म्हणून. दुसरा चाकाच्या चुंबकवाल्या अंगावर. कारण बाहेरून चाकाची दोन्ही अंगं सारखीच दिसत. लाल ठिपका आतल्या बाजूला, नळीकडे. उलटं बसवलं तर चुंबक लांब पडतात आणि डबी मुकी होते.

अकरा वर्षांपूर्वी क्लबच्या वार्षिक स्पर्धेत सेक्रेटरीने अशीच एक साबणदाणी लावली होती. सकाळी तपासणीच्या टेबलावर ती ठणठणीत वाजली. तीन तासांनी त्याच्या गळाला त्या मोसमातला सगळ्यात मोठा मासा लागला आणि साबणदाणी गप्प राहिली. सेक्रेटरी मागे वळून कोणाला तरी काही सांगत होता. त्याने पुन्हा बघितलं तेव्हा काठी, रीळ आणि मासा तिघं मिळून तळ्यात चालले होते. कप दुसऱ्याला गेला.

बक्षीस समारंभात त्याने साबणदाणी हातात धरून उंच केली. "हिच्यात साबण ठेवला असता," तो म्हणाला, "तर निदान हात तरी धुता आले असते." दीडशे माणसं हसली. तिचा नवराही हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. त्याने पुढे होऊन विचारलं, "चाक कोणी काढलं होतं का? एकदा उघडून बघू द्या." सेक्रेटरी म्हणाला, "मी हातही लावला नाही. आणि न वाजायला उघडावं लागत नाही." आणि त्याने ती साबणदाणी क्लबच्या काचेच्या कपाटात, चांदीच्या कपांच्या मधोमध ठेवून दिली. खाली पुठ्ठ्याची पाटी लावली. न वाजलेली साबणदाणी. विसंबू नये.

ती पाटी अजून होती. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरीच्या खिशात.

त्यानंतर नवऱ्याकडे कोणी अलार्म करायला टाकला नाही. त्याने सोल्डरगन गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि एका गोदामात नोंदी करायला जाऊ लागला. संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे बघत बसे. तिसऱ्या वर्षी तो गेला. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहिलं. त्या कागदावर चूक कोणाची हा रकाना नव्हता. सासूबाईंनी तर त्या स्पर्धेच्या दिवसापासूनच ऐकणं सोडून दिलं होतं. दाराची घंटा वाजली तरी म्हणत, "असेल कुठेतरी." बीपबाईने माळ्यावरून सोल्डरगन काढली, नवऱ्याच्या वह्या काढल्या आणि कामाला बसली. स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी घरात कोण काय बोललं होतं, ते तिला आठवायचं नसे. आठवायला लागलं की ती सेक्रेटरीला एक जादा शिवी देई.

आणि एका मंगळवारी सकाळी सेक्रेटरी तिच्या दुकानात उभा राहिला.

"वहिनी, ओळखलंत का?"

तिने सोल्डरगन स्टँडवर ठेवली. कुठेतरी ठेवायलाच हवी होती. "ओळखलं."

तो म्हातारा झाला होता, पण टोपी तीच होती, आणि जणू काल चहा पिऊन गेल्यासारखा तोच सलगीचा सूर. त्याने पिशवीतून तीन अलार्म काढून टेबलावर मांडले. चांगले, विकतचे, महागातले. "रविवारी स्पर्धा. माझी शेवटची. क्लबातल्या विजेत्यांच्या फलकावर नऊ वेळा नाव आहे, दहावं लागलं की सुटलो. आणि हे तिघं नेमके आत्ता रुसलेत. तो तळ्याजवळचा मेकॅनिक मुलीकडे राहायला गेला. म्हटलं, घरचं माणूस असताना बाहेर कशाला जा."

घरचं माणूस. तिने पेन उचललं. "काय म्हणतात तिघं?"

"हा वारा सुटला की बोंबलतो. हा सकाळच्या थंडीत झोपतो, उन्हं वर आल्यावर उठतो. आणि हा महिनाभर मुकाच आहे."

"कोणी उघडले होते?"

"छे. मी परक्या हाताला लावू देत नाही. साफसफाई, ग्रीस सगळं माझं मीच करतो." हे तो अभिमानाने म्हणाला. मग पुढे झुकून म्हणाला, "आणि वहिनी, रविवारी तपासणीच्या टेबलावरही तुम्हीच बसा. कमिटीचं तसंच म्हणणं आहे. दंतवैद्य तर हटूनच बसलेत."

ती थोडा वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिली. मग म्हणाली, "बसते. तुमच्या या तिघांचे पैसेही नकोत. पण त्या दिवशी कपाट उघडून साबणदाणी माझ्या टेबलावर ठेवायची."

सेक्रेटरीला ते गमतीचं वाटलं. "आठवण म्हणून हवीये होय? न्या की. जागा अडलीये कपांची."

तो गेला. वैऱ्याने आपणहून मान आणून हातात द्यावी, असा प्रकार होता. पहिला दिवस तिने काहीही दुरुस्त केलं नाही, फक्त वाईट विचार केले. एखादा जोड असा सैल ठेवता येईल की दुकानात टिकेल आणि तळ्यावरच्या गारठ्यात सुटेल. बॅटरीच्या पट्टीखाली मिठाच्या पाण्याचा एक थेंब पुरेल. काचेच्या नळीला केसाएवढा तडा द्यायचा, तीन तासांनी ती जीव सोडेल. एक काय, दहा तऱ्हा तिला येत होत्या. आठ वर्षं दुसऱ्यांनी केलेले बिघाड शोधणाऱ्या बाईला बिघाड करणं काय अवघड? तिने तिसऱ्या अलार्मचा स्क्रू काढायला हातही घातला होता.

मग तिला पुढचं दिसलं. रविवारी अलार्म गप्प बसणार, सेक्रेटरी तो उंच धरणार आणि म्हणणार, बघा, या घरचं काम असंच. दीडशे माणसं पुन्हा हसणार. तिने हात मागे घेतला. चांगुलपणा वगैरे काही नव्हतं त्यात. एवढ्या स्वस्तात त्याला सोडायचं तिच्या मनात नव्हतं.

बुधवारी ती नेहमीसारखी कामाला लागली. वाऱ्यात बोंबलणाऱ्याला काहीच झालं नव्हतं. त्याचं संवेदनेचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं. पानाची सावली पडली तरी ओरडेल इतकं. ते तिने अर्ध्यावर आणलं. थंडीत झोपणारा तिने बर्फाचे तुकडे भरलेल्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि वीस मिनिटांनी चाक फिरवून बघितलं. फिरेना. उघडलं तर आसाभोवती हिरवं ग्रीस थापलं होतं. रिळाचं, जाड. गारठलं की मेणासारखं घट्ट होणारं. हे ग्रीस ती ओळखत होती. गावात एकटा सेक्रेटरी ते वापरी, बाहेरून मागवून, आणि कोणाला डबीही दाखवत नसे. तिने ते रॉकेलने धुऊन काढलं आणि चाक कोरडं ठेवलं.

राहिला मुका. बॅटरी चांगली. बझरला वेगळी वायर लावली, वाजला. सुटा लोहचुंबक हातात घेऊन नळीजवळ नेला, वाजला. म्हणजे आतलं सगळं शाबूत. तिने दोरी चाकावरून ओढली. चाक फिरलं, आवाज नाही. आस उपसून चाक तळहातावर घेतलं. ते हिरव्या ग्रीसने बरबटलेलं होतं, आणि चुंबकाचं अंग बाहेरच्या बाजूला होतं.

चाक उलटं बसवलं होतं. साफ करणाऱ्याने, ग्रीस लावणाऱ्याने.

ती स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली. चपला शिवणाऱ्याने शेजारून विचारलं, "काय झालं, बाई?" अकरा वर्षांपूर्वीची सकाळ तिला लख्ख दिसत होती. टेबलावर वाजलेली साबणदाणी. मग तळ्याकाठी, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, हा गृहस्थ आपल्या लाडक्या ग्रीसची डबी काढतो, दोन स्क्रू सोडतो, चाक काढून त्याला ग्रीस चोपडतो आणि परत बसवतो. लाल ठिपक्याचा अर्थ त्याला माहीत नाही, कारण साबणदाणी करणाऱ्याला कधी काही विचारावं असं त्याला वाटलेलं नाही. माणूस अकरा वर्षांत काडीचाही बदलला नव्हता. त्याचं ग्रीससुद्धा तेच होतं.

तिने चाक पुसलं नाही. जसं होतं तसंच, उलटंच, परत बसवलं. त्या दिवशी ती अकरा वर्षांत पहिल्यांदा गाणं गुणगुणत भाजी चिरत होती. सासूबाईंना गाणं ऐकू आलं नाही, पण तोंड हलताना दिसलं. त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

रविवारी सकाळी क्लबच्या पडवीत टेबल मांडलं होतं. तिथली रीत जुनी होती. स्पर्धेआधी प्रत्येक अलार्म टेबलावर यायचा, तपासणारा दोरी ओढायचा, आणि तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. सगळ्यांनी कान द्यायचा. बीपबाईने चाळीस-पंचेचाळीस अलार्म तपासले. दंतवैद्याचा पास केला आणि त्याच्या डाव्या पायाकडे नुसतं बघितलं. दंतवैद्याने पाय मागे घेतला.

मग सेक्रेटरी आला. त्याने कबूल केल्याप्रमाणे साबणदाणीही आणली होती, पाटीसकट. चार माणसं हसली. त्याने ती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि लोकांकडे बघून डोळा मारला.

पहिला अलार्म वाजला. तिने चिठ्ठी वाचली. "गिऱ्हाईक म्हणतं, वाऱ्यात ओरडतो. निघालं असं की बटण शेवटपर्यंत पिळलेलं. चूक, गिऱ्हाइकाची." हशा झाला. सेक्रेटरीही हसला. दुसरा वाजला. "थंडीत झोपतो. निघालं असं की चाकाला रिळाचं हिरवं ग्रीस. चूक, गिऱ्हाइकाची." या वेळी तो जरा कमी हसला.

तिसऱ्यावर तिने दोरी ओढली. आवाज नाही. पुन्हा ओढली. पडवीत कावळा ओरडलेला ऐकू आला.

"हा दुरुस्त नाही झाला?" सेक्रेटरी म्हणाला.

"केला नाही. आला तसा ठेवलाय. हा कोणी कोणी उघडला, ते जरा सगळ्यांना सांगता?"

"मीच. सांगितलं ना, मी परक्या हाताला लावू देत नाही." त्याचा आवाज आपोआप मोठा झाला होता. गर्दी असली की तो तसा व्हायचा.

"ऐकलं सगळ्यांनी?" तिने विचारलं. मग अलार्म उघडला, चाक बाहेर काढलं आणि दंतवैद्याच्या हातात दिलं, दाताच्या डॉक्टरला बारीक वस्तू नीट धरता येते म्हणून. "चुंबक कुठल्या अंगाला आहे? ते आत हवं. बाहेर होतं. उलटं बसवलं की डबी मुकी होते." तिने चाक सुलटं करून बसवलं आणि दोरी ओढली. अलार्म किंचाळला. पडवीतल्या जुन्या गळवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातल्या दोघातिघांची नजर आपोआप टेबलाच्या कोपऱ्याकडे गेली.

तिने साबणदाणी पुढे ओढली. घरून आणलेली नवी बॅटरी बसवली, पट्ट्या ब्लेडने खरवडल्या, दोरी ओढली. साबणदाणी गप्प. अकरा वर्षांपूर्वी होती तशीच.

"नाहीच वाजत ती," सेक्रेटरी म्हणाला. "ते तर पाटीवर लिहिलंय."

"हे स्क्रू बघा," ती दंतवैद्याला म्हणाली. "आमचे हे स्क्रूवर नखपॉलिशचा ठिपका देत. फुटलाय का?"

"दोन्ही फुटलेत."

तिने स्क्रू सोडले आणि झाकण काढून टेबलावर उलटं ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. चाकाभोवती ग्रीस होतं. सुकून कडक झालेलं, धुळीने माखलेलं. तिने ब्लेडने वरचा थर खरवडला. आतून हिरवं निघालं. आणि चाकाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे तो असायलाच नको होता, लाल ठिपका होता.

हे सगळे ग्रीस लावणारे लोक होते. त्यांना समजावून सांगायला लागलं नाही.

"नंतर कोणीतरी उघडलं असेल," सेक्रेटरी म्हणाला. "एवढी वर्षं पडून होती. कोणीही हात लावला असेल."

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

त्याचा हात खिशाकडे गेला. तो तिथेच राहिला.

तिने चाक काढलं, आपल्या पदराने पुसलं, लाल ठिपका आत करून बसवलं. दोरी ओढली. साबणदाणी वाजली. जाड, जड आवाजात, नवऱ्याने ठेवला होता तसाच. तिने दोरी पुन्हा ओढली, आणि पुन्हा. तीन वेळा पुरे होतं, पण ती ओढतच राहिली, सेक्रेटरीची मान खाली जाईपर्यंत. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

मग तिने चिठ्ठी त्याच्यासमोर सरकवली. "ही तुम्ही वाचा."

"वहिनी, आता कशाला."

"मोठ्याने वाचायची पद्धत आहे."

त्याने दंतवैद्याकडे बघितलं. दंतवैद्य वर छताकडे बघत होता. त्याने कमिटीकडे बघितलं. कमिटीतला कोणीही त्याच्या मदतीला आला नाही. शेवटी त्याने चष्मा लावला. "गिऱ्हाईक म्हणतं, मी हातही लावला नाही," त्याने वाचलं. "निघालं असं की चाक काढलं, ग्रीस लावलं, उलटं बसवलं." तो थांबला.

"तिसरा रकाना," ती म्हणाली.

"चूक, सेक्रेटरीची."

"मागे ऐकू आलं नाही," मागून कोणीतरी म्हणालं. त्याला पुन्हा वाचावं लागलं.

चष्मा काढताना तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मला खरंच आठवत नव्हतं."

"मला आठवत होतं," ती म्हणाली. तिने पाटी टराटरा फाडली, तुकडे त्याच्या टोपीत टाकले, साबणदाणी आणि चिठ्ठी पिशवीत घातली आणि निघाली. त्या दिवशी सेक्रेटरीने गळ टाकला नाही असं नंतर कळलं. टाकला असता तर त्याचे तिन्ही अलार्म उत्तम वाजले असते. तिने काम चोख केलं होतं.

घरी आली तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिने काही सांगितलं नाही. पडद्याबाहेर, दुकानातल्या टेबलावर साबणदाणी ठेवली, नवरा ठेवायचा तिथेच. दोरी ओढली.

आतून काहीच नाही. तिने पुन्हा ओढली.

"वाजलं," आतून सासूबाई म्हणाल्या.

ती पडदा सारून आत गेली. म्हातारी वळली नव्हती, पण पाठ ताठ झाली होती. "त्याचीच आहे ना? आवाज त्याचाच आहे."

"हो, आई. चाक सेक्रेटरीने उलटं बसवलं होतं. आज सगळ्यांसमोर त्यानेच वाचून दाखवलं." शेवटचं वाक्य तिने कानाशी वाकून पुन्हा सांगितलं, चवीने.

म्हातारीने मान हलवली. तिला सेक्रेटरीत फारसा रस दिसला नाही. "म्हणजे तेव्हाही वाजलं होतं," ती म्हणाली. "मला ऐकू आलं होतं म्हणूनच मी वाजलं म्हटलं होतं."

"हो, आई."

"तू म्हणालीस, तुम्हाला कुठे ऐकू येतं. त्या संध्याकाळी. मला म्हणालीस, आणि त्याला म्हणालीस, बहिऱ्या आईच्या भरवशावर माल देता, मग लोक हसणार नाहीत तर काय. तो जेवला नाही त्या दिवशी." यात ओरडा नव्हता, तक्रारही नव्हती. एक हिशेब अकरा वर्षं जुळत नव्हता, तो जुळल्यासारखं ती बोलत होती. "मलाही वाटलं, नसेलच ऐकू आलं. मग मी ऐकायचंच सोडलं."

"म्हटलं होतं," बीपबाई म्हणाली. तिला शब्दन् शब्द आठवत होता. कधी विसरलीच नव्हती. उघडून बघू द्या म्हणणाऱ्या नवऱ्यावर विश्वास ठेवायला त्या दिवशी कोणीच तयार नव्हतं, आणि त्या कोणीच नाहीमध्ये ती सगळ्यात जवळ उभी होती. सेक्रेटरीचं बोलणं त्याने कदाचित पचवलंही असतं.

ती बाहेर आली. चिठ्ठी पिशवीतून काढली आणि टेबलावर सपाट केली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, सेक्रेटरी. तिने पेन उघडलं आणि त्याच्या खाली लिहिलं, आणि मी. शिरस्त्याप्रमाणे आत जाऊन सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांना नीट ऐकू येईल असं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चहा टाक."

सोमवारी तिने शटर वर केलं, सोल्डरगन तापत ठेवली आणि चहाचा पहिला घोट घेऊन सेक्रेटरीला शिवी दिली. ती काही माफ करणाऱ्यातली नव्हती. मग दुसरा घोट घेतला आणि दुसरी शिवी, तेवढीच सणसणीत, स्वतःला दिली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"अगं, कोणीतरी आलंय बघ," आतून सासूबाई म्हणाल्या.